नऊच्या रेटिंगची शाळा आणि अडीच तासांचे प्रीस्कूल

पत्राचा सारांश: अमेरिकेत काही वर्षांपासून राहणाऱ्या एका वाचक भगिनीची मुलगी सध्या साडेतीन वर्षांची आहे आणि येत्या शालेय वर्षात तिला प्रीस्कूलमध्ये घालायचे आहे. त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, सरकारी प्रीस्कूलची तीन ठिकाणे आहेत. पहिले ठिकाण घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या प्राथमिक शाळेतील वर्ग. मात्र एका संकेतस्थळावर या शाळेचे रेटिंग दहापैकी पाच आहे. दुसरी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने पंचवीस मिनिटांवर. तिचे रेटिंग नऊ, पण तिथला वर्ग फक्त सकाळचा, अडीच तासांचा आहे. तिसरे ठिकाण म्हणजे डिस्ट्रिक्टचे बालशिक्षण केंद्र. तिथे फक्त प्रीस्कूलचेच वर्ग भरतात, दिवस पूर्ण सहा तासांचा आहे. मात्र काही वर्गांना हेड स्टार्ट या मुख्यतः गरीब कुटुंबांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेचा निधी मिळतो आणि काही वर्गांत विशेष गरजा असलेली मुलेही इतरांबरोबर शिकतात. ओळखीच्या कुटुंबांचे म्हणणे असे की, “तिथे कशाला घालता? तिथे वेगळ्या घरांतली मुले येतात.” अर्जावर तीन पसंती क्रमाने लिहायच्या आहेत, जागा लॉटरीने मिळणार आहेत आणि मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. पती म्हणतात, “कुठेही घाल, साडेतीन वर्षांची तर आहे.” मुलगी घरी मराठीच बोलते, इंग्रजी जेमतेम. धाकटा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. भगिनींनी सतरा रकान्यांचा तक्ता केला आहे, तरीही ठरत नाही. त्यांचा प्रश्न असा: “चुकीचे ठिकाण निवडले, तर मुलगी सुरुवातीलाच मागे पडेल का?”

प्रिय भगिनी,

पत्रासोबत जोडलेला तुमचा तक्ता मी सावकाश वाचला. सतरांपैकी अकरा रकाने संकेतस्थळांवरून भरलेले आहेत, तीन ओळखीच्यांच्या बोलण्यावरून, आणि शेवटचे तीन रिकामे आहेत. ‘शिक्षिका’, ‘वर्गातील मुलांची संख्या’ आणि ‘दिवसाचे वेळापत्रक’ अशी त्या रिकाम्या रकान्यांची नावे आहेत. तुमचा निर्णय मला त्या तीन रकान्यांत दिसतो. भरलेल्या चौदांपैकी बहुतेक रकाने तुम्ही पुसून टाकले, तरी काही बिघडणार नाही.

आधी रेटिंगविषयी, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. अमेरिकेतील सरकारी शाळांत वाचन आणि गणित या विषयांची राज्यस्तरीय परीक्षा केंद्रीय कायद्यानुसार तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा घ्यावी लागते. २०१५मध्ये नवा कायदा आला, तेव्हाही ही चौकट तशीच राहिली. शाळांना आकडे देणारी संकेतस्थळे प्राथमिक शाळेचा आकडा मुख्यतः याच परीक्षांच्या निकालांवरून काढतात. म्हणजे नऊ हा आकडा तिथल्या तिसरी, चौथी, पाचवीतील मुलांच्या उत्तरपत्रिकांचा आहे. प्रीस्कूलचा वर्ग त्या इमारतीत भरतो खरा, पण त्या आकड्यात तो कुठेच नाही. शिवाय हे गुण घरच्या उत्पन्नाशी आणि पालकांच्या शिक्षणाशी इतके बांधलेले असतात की, तो आकडा पुष्कळदा शाळेपेक्षा आजूबाजूच्या घरांच्या किमतींविषयीच अधिक सांगतो. काही संकेतस्थळे आता मुलांची वर्षभरातील प्रगतीही हिशेबात धरतात. ते अधिक न्याय्य आहे, परंतु प्रगती मोजायलाही आधी परीक्षा लागते, आणि चार वर्षांच्या मुलांची तशी परीक्षा सुदैवाने अजून कोणी घेत नाही.

दुसरे गृहीतक तुमच्या तक्त्याच्या मांडणीतच आहे: तुम्ही शाळांची तुलना करत आहात. एकाच डिस्ट्रिक्टमधील सरकारी प्रीस्कूलमध्ये अभ्यासक्रम बहुधा एकच असतो, शिक्षिकांची वेतनश्रेणी एक असते, नेमणुकीचे निकष एक असतात आणि राज्याचे नियमही सर्वांना तेच लागू होतात. फरक असतो तो एका वर्गाच्या दारापासून दुसऱ्या वर्गाच्या दारापर्यंत, आणि तो कधीकधी एकाच व्हरांड्यात सापडतो.

मी काही वर्षे अशाच एका प्रीस्कूलमध्ये मदतनीस होते, म्हणून हे सांगण्याचे धाडस करते. समोरासमोर दोन वर्ग होते, दोन्हींत अभ्यासक्रमाची तीच जाडजूड वही, तीच लाकडी मांडणी, पाण्याचे तेच निळे टब. एका वर्गात सकाळची चटईवरची बैठक पस्तीस मिनिटे चाले. वार, तारीख, हवामान, अक्षर. मुलांचे हात मांडीवर आणि तोंडे बंद. दहाव्या मिनिटाला मुले एकमेकांच्या बुटांचे बंद सोडू लागत आणि उरलेला वेळ शिक्षिका “नीट बस” एवढेच सांगण्यात घालवी. समोरच्या वर्गात बैठक दहा मिनिटांत संपे. एके दिवशी तिथे एक मुलगा पाण्याच्या टबाशी नळीतून पाणी ओतत होता आणि पाणी मध्येच अडले. शिक्षिका त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “अरे, थांबले. का बरे थांबले असेल?” मग ती गप्प राहिली. मी मनात आकडे मोजले, आठपर्यंत पोहोचले, तेव्हा तो म्हणाला, “आत काहीतरी आहे.” “काय असेल?” पुन्हा शांतता. त्याने नळी उलटी करून आपटली, एक मणी बाहेर पडला, आणि पुढची दहा मिनिटे नळीत काय अडकते आणि काय अडकत नाही, हे शोधण्यात चार मुले गुंतून गेली. कागदावर या दोन वर्गांत काहीही फरक नव्हता.

प्रीस्कूलचा दर्जा जोखणाऱ्या लोकांनाही याच गोष्टीचे मोल वाटते. शिक्षिका आणि मुले यांच्यातील देवाणघेवाण वर्गात बसून पाहायची आणि एक ते सात या मापाने मोजायची, अशी ‘क्लास’ नावाची एक पद्धत अमेरिकेत रूढ आहे; हेड स्टार्टच्या वर्गांसाठी तिचा वापर होतो. तिथला देशव्यापी अनुभव असा की, माया आणि आपुलकी या बाजूला वर्गांना सहाच्या आसपास गुण मिळतात, परंतु मुलांना विचार करायला लावणे, त्यांचे बोलणे पुढे नेणे या बाजूला सरासरी तीनच्या आसपास घुटमळते. म्हणजे प्रेमळ शिक्षिका तुम्हाला बहुतेक ठिकाणी भेटेल. आठ आकडे मोजून होईपर्यंत गप्प राहणारी शिक्षिका दुर्मीळ आहे, आणि तुम्हाला शोधायची आहे ती.

तेव्हा भेटीची वेळ मागताना इमारत दाखवण्याची विनंती करू नका. वर्गात वीस मिनिटे कोपऱ्यात बसू द्याल का, असे विचारा. सकाळी मुले आपापले खेळ निवडतात ती वेळ मागा, कारण सगळी मुले रांगेत बसलेली असताना कोणताही वर्ग चांगलाच दिसतो. तिथे भिंतींकडे फार पाहू नका. सगळ्या भिंतींवर वीस सारखीच कागदी फुले लावलेली असतील, तर ती बहुधा मोठ्यांनी कापलेली असतात. वेडेवाकडे, ओळखू न येणारे काहीतरी टांगलेले असेल, तर मनात एक गुण वाढवा. शिक्षिका मुलांच्या उंचीला येऊन बोलते का, की उभ्यानेच सूचना देते? तिच्या प्रश्नांना एकाच शब्दाचे उत्तर असते का? ‘हा रंग कोणता?’ आणि ‘हे पडले कसे?’ या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जी दोन-तीन मुले गप्प आहेत, कडेला उभी आहेत, त्यांच्याकडे वीस मिनिटांत कोणी गेले का, हे मात्र अवश्य पाहा. पहिल्या काही महिन्यांत तुमची मुलगी त्या मुलांपैकीच एक असणार आहे.

नंतर विचारायचे प्रश्न थोडे आहेत. वर्गात जास्तीत जास्त किती मुले घेतात आणि मोठी माणसे किती असतात? रटगर्स विद्यापीठातील बालशिक्षणविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था राज्यांच्या प्रीस्कूल योजना दरवर्षी ज्या निकषांवर तपासते, त्यांत वर्गात वीसपेक्षा अधिक मुले नसावीत, दहा मुलांमागे किमान एक मोठे माणूस असावे आणि मुख्य शिक्षिकेकडे पदवी व बालशिक्षणाचे खास प्रशिक्षण असावे, असे निकष आहेत. या तिन्हींची उत्तरे तुमच्या तक्त्यातील पहिल्या दोन रिकाम्या रकान्यांत भरा. त्याचबरोबर, ही शिक्षिका या वर्गात किती वर्षांपासून आहे आणि मदतनीस गेल्या वर्षभरात किती वेळा बदलल्या, हेही विचारा.

शेवटचा प्रश्न थोडा अवघड आहे, पण विचाराच: “एखादे मूल चावले, तर तुम्ही काय करता?” येल विद्यापीठातील एका अभ्यासाने २००५मध्ये दाखवून दिले की, राज्यांच्या निधीवर चालणाऱ्या प्रीस्कूलमधून मुलांना काढून टाकण्याचे प्रमाण किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचे वर्ष) ते बारावीच्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. त्यानंतर अनेक राज्यांनी यावर निर्बंध घातले, तरी “मुलाला घेऊन जा” असे फोन पालकांना अजूनही येतात. “आम्ही आधी पाहतो की कोणत्या वेळी चावते,” असे उत्तर देणारी शाळा आणि “आमच्याकडे असे होत नाही,” असे उत्तर देणारी शाळा यांपैकी मी पहिलीवर विश्वास ठेवीन. चार वर्षांची मुले जिथे एकत्र येतात, तिथे कोणीतरी कोणाला तरी चावतेच.

आता बालशिक्षण केंद्राविषयी. ‘वेगळ्या घरांतली मुले’ हे शब्द तुम्ही अवतरणचिन्हांत लिहिले आहेत, यावरून ते तुम्हालाही खटकले असावेत, असे मी धरून चालते. हेड स्टार्ट ही १९६५मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची योजना आहे आणि तिच्या जागा मुख्यतः केंद्रीय दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांसाठी असतात, हे खरे. मात्र केंद्र सरकारचा पैसा येतो, तेव्हा त्याच्यामागून केंद्र सरकारचे नियमही येतात. तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग सर्वसाधारणपणे सतरापेक्षा मोठा नसावा आणि चार वर्षांच्या मुलांचा वीसपेक्षा मोठा नसावा, वर्गात दोन मोठी माणसे असावीत, मूल दाखल झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत त्याचा विकास, दृष्टी आणि श्रवण यांची चाचणी व्हावी, आणि धोरण ठरवणाऱ्या समितीत पालकांचे बहुमत असावे, असे त्या नियमांत लिहिलेले आहे. तुमच्या नऊच्या रेटिंगच्या शाळेतील वर्गाला एवढे सगळे नियम लागू असतीलच असे नाही. ज्या केंद्राकडे मंडळी नाक मुरडतात, त्याच्यावरच देखरेख सर्वांत कडक असण्याची शक्यता आहे. अनेक डिस्ट्रिक्ट एकाच वर्गात राज्याचा आणि केंद्र सरकारचा निधी एकत्र आणतात. त्यामुळे तुमचे उत्पन्न हेड स्टार्टच्या मर्यादेत बसत नसले, तरी त्या केंद्रात तुमच्यासाठी राज्याच्या निधीची जागा असू शकते. नेमकी कोणती जागा मिळते आणि तिला शुल्क आहे का, एवढे कार्यालयाकडून स्पष्ट करून घ्या.

विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबरच्या वर्गाविषयीही तुमच्या मनात किंतु दिसतो. अशा वर्गात साधारणतः बालशिक्षणाच्या शिक्षिकेबरोबर विशेष शिक्षणाच्या शिक्षिका, वाचा-उपचारतज्ज्ञ अशी माणसे ये-जा करतात. सगळ्या मुलांसाठी दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी भिंतीवर लावलेले असते, सूचना शब्दांबरोबर खुणांनीही दिल्या जातात. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या मुलीला याहून सोयीचे काय असणार? मी पाहिलेल्या वर्गांपैकी जो वर्ग मी माझ्या नातीसाठी निवडला असता, तो असाच होता.

‘मागे पडेल का?’ या तुमच्या मुख्य प्रश्नावर संशोधन काय सांगते, तेही थोडक्यात पाहू. प्रीस्कूलचा गौरव करताना ज्या प्रयोगाचे नाव हमखास निघते, तो मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथील पेरी प्रीस्कूलचा प्रयोग १९६२मध्ये सुरू झाला आणि त्यात अवघी १२३ मुले होती, तीही अत्यंत गरीब घरांतील. त्याचे निष्कर्ष तुमच्या घराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अलीकडचे दोन अभ्यास अधिक बोलके आहेत, आणि दोन्ही तुमच्यासारख्याच लॉटरीवर आधारलेले आहेत. बॉस्टनमध्ये १९९७ ते २००३ या काळात लॉटरीत जागा मिळालेल्या मुलांचे परीक्षेतील गुण जागा न मिळालेल्यांपेक्षा वेगळे आढळले नाहीत, पण पुढे शाळा संपताच कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे आठने अधिक निघाले. टेनेसी राज्यात मात्र उलटे घडले: लॉटरीने राज्याच्या प्रीस्कूलमध्ये जागा मिळालेली मुले सहावीपर्यंत पोहोचली, तेव्हा परीक्षेत जागा न मिळालेल्या मुलांच्या किंचित मागेच होती आणि शिस्तभंगाच्या नोंदी त्यांच्या नावावर अधिक होत्या. हा निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. मी त्यातून एवढेच घेते की, प्रीस्कूल या पाटीत जादू नाही, आणि प्रीस्कूलचा चांगला परिणाम दिसतो तेव्हाही तो अक्षरे लवकर ओळखण्यात दिसेलच असे नाही. ‘कोणती शाळा वाचायला लवकर शिकवते?’ हा रकाना त्यामुळे निर्धास्तपणे पुसा.

मराठीविषयी तुम्ही विचारले आहे की, आतापासून घरी इंग्रजी सुरू करावे का. करू नका. घरात मराठीत गोष्टी ऐकलेले, भांडलेले, ‘का’ विचारलेले मूल शाळेत तेच सगळे इंग्रजीत करायला शिकते. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले, तर अशा मुलांचा शब्दसाठा साधारणपणे एकभाषिक मुलांच्या बरोबरीचाच भरतो. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, ती वर्गात गप्प राहील. ती त्या काळात ऐकत असते. प्रवेशाच्या कागदपत्रांत घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो. शिक्का बसेल या भीतीने अनेक पालक तिथे इंग्रजी लिहितात. तुम्ही मराठीच लिहा, कारण भाषेची मदत त्या उत्तरावरूनच ठरते. आणि पहिल्या दिवशी शिक्षिकेच्या हातात एक चिठ्ठी द्या: ‘शू’, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘भूक’, ‘नको’, ‘आई कुठे’ असे दहा-बारा शब्द रोमन लिपीत, अर्थासह. चार वर्षांचे मूल रडत असताना नेमका एखादाच शब्द बोलते, आणि तो समोरच्याला कळणे फार गरजेचे असते. शिक्षिका ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला चिकटवते की फायलीत ठेवते, हेही पाहण्यासारखे आहे.

इथे एक गोष्ट तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी. मूल मराठीतही वयाच्या मानाने फार कमी बोलत असेल, किंवा मराठीत सांगितलेलेही त्याला समजत नसेल, तर ‘दोन भाषांमुळे होते’ असे म्हणून थांबू नका. मूल तीन वर्षांचे झाल्यापासून अशा शंकेची तपासणी विनामूल्य करून देणे ही डिस्ट्रिक्टची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यासाठी प्रीस्कूलमध्ये प्रवेश घेतलेला असावा लागत नाही, आणि शक्य असेल तिथे ती तपासणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हावी, असे कायदाच सांगतो. विनंती लेखी करा आणि प्रत जवळ ठेवा. तुमची मुलगी पत्रातील वर्णनावरून भरभरून बोलणारी आहे, तिला याची गरज दिसत नाही.

आता एक हिशेब, जो तुमच्या सतरा रकान्यांत नाही. नऊच्या रेटिंगची शाळा पंचवीस मिनिटांवर आहे. सोडायला जाणे, परत येणे, आणायला जाणे, पुन्हा परतणे, असे दिवसाला शंभर मिनिटे गाडीत, कारण डिस्ट्रिक्टची बस तुम्हाला मिळणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. शाळा अडीच तासांची, म्हणजे दीडशे मिनिटांची. शाळेचे दिवस सुमारे एकशे ऐंशी धरले, तर वर्षाला तीनशे तास तुम्ही रस्त्यावर असाल, आणि मागच्या आसनावर नऊ महिन्यांचे बाळ, ज्याची सकाळची झोप नेमकी त्याच वेळी असते. दुरून डोंगर साजरे असतात, पण हा डोंगर तुम्हाला दिवसातून दोनदा चढायचा आहे. परतल्यावर घरात उरते ती दमलेली आई, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला संध्याकाळी गोष्ट सांगणारी आई तीच असते. याउलट चालत दहा मिनिटांवरचा वर्ग म्हणजे बाबागाडी, रस्त्यात दिसलेला कुत्रा, शेजारच्या मुलांची ओळख. त्याची नोंद कोणतेही संकेतस्थळ करत नाही.

दूरच्या शाळेत प्रीस्कूल केले, म्हणजे पुढे किंडरगार्टनलाही तिथेच जागा मिळेल, अशी आशा तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसते. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये तसे होत नाही. किंडरगार्टनची शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते आणि प्रीस्कूलची जागा हा तिथल्या प्रवेशाचा परवाना नसतो. तुमच्या डिस्ट्रिक्टचा नियम वेगळा असेल, तर तो कार्यालयाकडून ईमेलवर लिहून घ्या. ओळखीच्यांनी ‘आमच्या वेळी मिळाली’ असे सांगितले, तर ते खरे असेलही, पण त्यांच्या वेळचे.

पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी कार्यालयाला एक प्रश्न विचारा: पहिल्या पसंतीच्या ठिकाणी जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणी माझा क्रमांक, ते ठिकाण पहिले लिहिणाऱ्यांच्या मागे जातो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर निर्धास्तपणे मनातला खरा क्रम लिहा. उत्तर ‘हो’ असेल, तर जिथे चुरस फार आहे असे ठिकाण पहिले लिहिणे महागात पडू शकते, आणि मग मिळण्याची बरी शक्यता असलेले, मनाला पटलेले ठिकाण वर ठेवणे शहाणपणाचे. बॉस्टनची शाळा-निवड पद्धत पूर्वी या दुसऱ्या प्रकारची होती. हुशार पालक डावपेच लढवत आणि सरळमार्गी पालक फसत, म्हणून २००५मध्ये तिथे ती बदलण्यात आली. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी हा प्रश्न ऐकून क्षणभर गोंधळतील. वरिष्ठांना विचारून कळवा, असे सांगा. त्याच फोनवर प्रतीक्षा यादी किती सरकते, भावंडांना प्राधान्य आहे का, म्हणजे तुमच्या धाकट्याला पुढे त्याचा उपयोग होईल का, आणि मूल शौचाच्या बाबतीत पूर्ण स्वावलंबी नसेल तर काय, हेही उरकून घ्या.

माझे मत विचाराल, तर आज न पाहता मी दूरची शाळा तिसऱ्या क्रमांकावर लिहीन. तिथला वर्ग वाईट असेल म्हणून नव्हे, तर तो वर्ग इतका उत्तम निघायला हवा की, तीनशे तासांची भरपाई व्हावी, आणि अडीच तासांत तेवढे साधणे कठीण आहे. उरलेल्या दोहोंमध्ये निवड तुम्ही पाहिल्याशिवाय होणार नाही. शेजारच्या शाळेतील वर्गात जर ती पस्तीस मिनिटांची बैठक दिसली आणि केंद्रात शिक्षिका जमिनीवर बसलेल्या दिसल्या, तर केंद्र पहिले. दोन्ही सारखेच वाटले, तर शेजारचे पहिले, कारण चालत जाता येणे ही रोज मिळणारी सवलत आहे. केंद्राचा सहा तासांचा दिवस तुमच्या मुलीला मोठा वाटेल, ही शंका योग्य आहे. दुपारी विश्रांतीची वेळ कशी असते आणि न झोपणाऱ्या मुलांना त्या वेळी काय करू देतात, हे विचारा. तासभर अंधारात गप्प पडून राहायला लावत असतील, तर तो माझ्या लेखी मोठा दोष आहे. दुसरीकडे, तुम्ही पुन्हा नोकरी शोधण्याचा विचार करत आहात, असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तसे असेल, तर सहा तासांचे वजन आणखी वाढते आणि अर्ध्या दिवसाच्या वर्गानंतरच्या पाळणाघराचा खर्चही तक्त्यात यायला हवा.

तुमचे पती ‘कुठेही घाल’ म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण ते त्यांनी वर्ग पाहून म्हणावे. दोघांनी एकेक ठिकाण वेगवेगळे पाहू नका. दोन्ही ठिकाणी दोघे जा, बाहेर आल्यावर गाडीत बसून एकमेकांशी न बोलता पाच ओळी लिहा आणि मग कागद अदलाबदल करा. पहिल्या भेटीला मुलीला नेऊ नका, तिच्याकडे लक्ष ठेवण्यातच वीस मिनिटे जातील. ज्या वर्गावर मन बसेल, तिथे दुसऱ्यांदा तिला घेऊन जा आणि कोणी तिच्याशी बोलायला वाकते का, ते पाहा. तीन आठवड्यांत एवढे होते. सोमवारी सकाळी आधी केंद्राला फोन करा, कारण अर्जांच्या दिवसांत तिथल्या भेटीच्या वेळा लवकर संपतात.

तुमची,
सदरलेखिका